कोटितीर्थाकाठचा प्रकाश : चित्रकार अबालाल रहिमान

आम्हा सातारा-सांगलीकडच्या मंडळींना डोंगराचे अप्रूप नाही. साताऱ्यात अजिंक्यतारा घरांच्या छपरांवर कायमचा ओणवलेला असतो; मिरजेच्या पलीकडे दंडोबा दिसतो; कोयनेच्या खोऱ्यात तर डोंगराखेरीज दुसरे फारसे काही नजरेस पडतच नाही. डोंगर म्हणजे पाऊस, डोंगर म्हणजे गुरांचे गवत, डोंगर म्हणजे उन्हाळ्यातला वणवा आणि वर्षातून एकदा जत्रेची चढण. त्याचे चित्र करावे असे आमच्या मनात सहसा येत नाही. मुले शाळेच्या चित्रकलेच्या वहीत डोंगर काढतात तो दोन त्रिकोणांचा, मधून अर्धा सूर्य वर येणारा. गंमत अशी, की असा त्रिकोणी डोंगर आमच्या मुलखात शोधूनच काढावा लागेल.

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला पर्वत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे थर पसरले, थंड झाले आणि पुढे पावसाने व नद्यांनी ते कापून काढले. त्यामुळे आमचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट. पाचगणीचे टेबललँड पाहा, कासचे पठार पाहा, पन्हाळगड पाहा. वर जांभ्या दगडाची टोपी आणि खाली काळ्या पाषाणाच्या आडव्या पट्ट्या. आल्प्समध्ये बसलेल्या चित्रकाराला हिमाच्छादित शिखरे आणि खोल कडे आयतेच मिळतात. आमच्याकडच्या चित्रकाराच्या वाट्याला येते ती एक आडवी रेघ. पण ती रेघ सकाळी निळसर असते, भर दुपारी धुरकट हवेत जवळजवळ विरून जाते, आणि सायंकाळी तांबूस होत होत जांभळी होते. आकार थोडा, प्रकाशाचा खेळ फार. या डोंगरांचे चित्र करायचे तर प्रकाशाचेच चित्र करावे लागते. ज्या कलावंताने ही गोष्ट आपल्या मुलखात प्रथम पुरतेपणी ओळखली असे आम्हांस वाटते, त्या अबालाल रहिमान यांच्याविषयी आज लिहावयाचे आहे.

अबालाल कोल्हापूरचे. कोल्हापूर आमच्या दोन जिल्ह्यांत मोडत नाही, हे खरे. परंतु सरकारी नकाशापेक्षा नदीचा नकाशा जुना आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून, माहुलीवरून कऱ्हाडला येते, तिथे कोयनेला भेटते. सांगलीशी वारणेला पोटात घेते आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला. ज्या पंचगंगेचे घाट अबालाल यांनी रंगवले ती आमच्याच कृष्णेची लेक म्हणायची. मुंबईहून कोल्हापूरला जाणारी आगगाडीही वाठार, कोरेगाव, कऱ्हाड असे करीत आमच्याच मुलखातून मिरजेला येते आणि तिथून कोल्हापूरकडे वळते. हा मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ साली सुरू झाला.

अबालाल यांचे जन्मवर्ष काही जण १८५६ देतात, काही १८६०. मूळ नाव अब्दुल अझीझ. घराणे कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणारे, त्यांच्या पानांच्या कडा नक्षीने सजवणारे. छापखाने येण्याआधी आणि आल्यानंतरही काही काळ हा मोठ्या मानाचा व्यवसाय होता. बोरूची धार कशी लावावी, शाई किती दाट असावी, कागद घोटून गुळगुळीत कसा करावा, सोनेरी वर्खाचा ठिपका कुठे दिला की पान उजळते, हे सारे या मुलाने घरातच पाहिले असणार. अरबी-फारसीबरोबर संस्कृतशीही त्यांचा परिचय होता असे सांगतात. पुढे कोल्हापुरातील इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीला फारसी शिकवण्यास ते जात, तिथे तिच्या दृष्टीस त्यांची रेखाटने पडली आणि तिच्या आग्रहावरून त्यांची मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रवानगी झाली, ही हकीकत कोल्हापुरात परंपरेने सांगितली जाते.

जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालेले. अबालाल तिथे होते त्या काळात तेथील सूत्रे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ग्रिफिथ्स ते हेच. १८७२ पासून १८८५ पर्यंत हे काम चालले आणि त्यांतल्या पुष्कळ प्रती १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. चित्र करणे एक आणि चित्र टिकणे दुसरे, ही गोष्ट पुढे या लेखात पुन्हा येणार आहे, म्हणून एवढे सांगितले. शाळेतील शिक्षण मात्र अजिंठ्याचे नव्हते. ते साउथ केन्सिंग्टनच्याच पद्धतीचे होते. ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवायच्या, कोळशाने त्यांच्या छायाप्रकाशाची हुबेहूब नक्कल करायची, मग जिवंत माणूस बसवायचा, मग वस्त्रांच्या चुण्या. अबालाल यांनी हे शिक्षण असे आत्मसात केले की त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. त्या काळात केलेल्या त्यांच्या मस्तकांच्या अभ्यासचित्रांची कीर्ती अजून आहे. व्यक्तिचित्रे करून मुंबईत नाव व पैसा मिळवण्याला लागते ते सर्व त्यांच्याजवळ होते. त्याच शाळेतून थोड्या वर्षांनी बाहेर पडलेल्या कितीतरी चित्रकारांनी नेमके तेच केले, आणि त्यात गैर असे काही नाही.

अबालाल कोल्हापूरला परतले. आईवडिलांच्या निधनाने ते परतले असे म्हणतात. ते पुन्हा मुंबईकडे गेले नाहीत, हे मात्र निश्चित. शहराच्या पूर्वेस कोटितीर्थ नावाचे तळे आहे. त्याच्या काठी एका साध्या झोपडीवजा घरात त्यांनी आयुष्याचा फार मोठा भाग काढला. संसार केला नाही. सोबतीला पाळीव जनावरे असत. पैसे असले तर कागद-रंग विकत, नसले तर झाडपाल्याचा रस, माती, दगडांची पूड यांपासून स्वतः केलेले रंग. कागद तर हाताला येईल तो. यातल्या काही कथांवर भक्तांच्या प्रेमाचा हात फिरलेला असणे शक्य आहे. तरी रंग स्वतः घोटणे हे हस्तलिखितांच्या घरातल्या मुलाला नवे नव्हते, एवढे आम्ही ध्यानात ठेवू.

त्या तळ्याकाठी बसून त्यांनी काय केले? कोटितीर्थ रंगवले. रंकाळा आणि त्यातला संध्यामठ रंगवला. पंचगंगेचा घाट, रावणेश्वराचा परिसर, पन्हाळ्याचा डोंगर रंगवला. पाचसहा ठिकाणे, तीही पायी किंवा बैलगाडीने जाण्यासारखी. तीच ठिकाणे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत. चित्रे बहुधा लहान आकाराची. जलरंगांत पुष्कळ, तैलरंगांतही. त्यांत देवळे आहेत पण देव नाहीत, घाट आहेत पण यात्रा नाही, माणूस असला तर झाडाच्या सावलीएवढाच महत्त्वाचा. झाडाच्या पानांचे तुकडे तुकडे होऊन त्यांतून ऊन सांडलेले, पाण्यात काठाचे प्रतिबिंब हललेले, दूरचा डोंगर एका फिकट पट्टीत विरलेला. जे. जे. मधल्या कोळशाच्या अभ्यासात जी कडा सुईच्या टोकाने ओढल्यासारखी असे, ती इथे सैल झाली आहे. शिकलेले विसरायला शिकण्याइतकेच कष्ट पडतात. अबालाल यांनी ते घेतले.

आता याच काळात दूर फ्रान्समध्ये काय चालले होते ते पाहू. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही तरुण चित्रकारांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. सरकारमान्य प्रदर्शनात त्यांना जागा मिळत नसे. त्यात क्लोद मोने यांचे बंदरावरच्या सूर्योदयाचे एक चित्र होते, त्याच्या नावात ‘इम्प्रेशन’ हा शब्द होता. लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने त्या शब्दावरून साऱ्या मंडळींची टर उडवली, आणि चिडवण्यासाठी वापरलेले ते नावच पुढे त्यांचे बिरुद झाले. आपल्याकडे त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वस्तू जशी आहे असे आपल्याला ठाऊक आहे तशी न काढता, या घटकेला या उजेडात ती जशी दिसते तशी काढावी. सावली काळी नसते, तीत निळा-जांभळा असतो. रंग पाटीवर घोटून एकजीव न करता लहान लहान फटकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवावेत, डोळा ते दुरून एकत्र करतो. आणि हे सर्व उघड्यावर, त्या जागी बसून करावे. ही शेवटची गोष्ट शक्य झाली ती एका साध्या शोधामुळे. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याच्या, दाबता येणाऱ्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवीत. त्या घेऊन डोंगरावर कोण जाणार?

मोने १८८३ साली जिव्हेर्नी या गावी राहायला गेले आणि अखेरपर्यंत, म्हणजे १९२६ पर्यंत, तिथेच राहिले. १८९०-९१ मध्ये त्यांनी गवताच्या गंजी वेगवेगळ्या प्रहरी रंगवल्या. १८९५ च्या हिवाळ्यात नॉर्वेला जाऊन कोलसास नावाचा एकच डोंगर त्यांनी तेरा वेळा रंगवला. आणि शेवटची कितीतरी वर्षे ते आपल्या बागेतले कमळांचे तळे रंगवत होते. दक्षिण फ्रान्समध्ये सेझान सँत-व्हिक्त्वार या डोंगराच्या मागे असेच लागले होते. उतारवयात नेमाने मिस्साला जाणारे हे गृहस्थ उरलेला वेळ त्या एका डोंगरासमोर घालवीत, आणि १९०६ च्या ऑक्टोबरात उघड्यावर काम करताना पावसात भिजून आजारी पडले ते त्यातच गेले.

एक तळे जिव्हेर्नीला, एक कोल्हापूरला. दोन्हींच्या काठी एकेक दाढीवाला गृहस्थ तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवतो आहे, आणि एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नाही. चित्र मनोहर आहे, आणि म्हणूनच येथे जपून पाऊल टाकले पाहिजे. अबालाल यांना ‘भारतातले इम्प्रेशनिस्ट’ म्हणण्याचा मोह अनेकांना झाला आहे. आम्हांला तो शब्द पूर्णपणे मान्य नाही. मोने आणि त्यांचे सोबती एका व्यवस्थेशी भांडत होते, त्यांना प्रदर्शने होती, दुकानदार होते, शत्रू होते, आणि यथावकाश गिऱ्हाइकेही मिळाली. अबालाल कोणाशी भांडत नव्हते. जे. जे. स्कूलमध्ये त्या वेळी फ्रेंच नवचित्रकारांचे धडे दिले जात नव्हते. निसर्गचित्राचा जो संस्कार तिथे होता तो इंग्रजी जलरंगाच्या परंपरेचा. कॉन्स्टेबल, टर्नर यांच्या त्या परंपरेतही आकाश, धुके, ओलसर हवा यांचा सखोल अभ्यास होताच, आणि स्वतः मोने यांनी १८७०-७१ मध्ये लंडनच्या मुक्कामात ती चित्रे पाहिली होती. एकाच झऱ्याचे पाणी दोन ओढ्यांनी दोन दिशांना गेले, असे म्हणणे अधिक रास्त.

त्यात अबालाल यांच्या घरच्या वारशाची भर पडली. जलरंगात पांढरा रंग बहुधा वापरत नाहीत. उजेड दाखवायचा तिथे कागद कोरा सोडतात. एकदा भरलेली जागा पुन्हा कोरी होत नाही, म्हणून काय सोडायचे ते आधी ठरवावे लागते. हस्तलिखित करणाऱ्याचे शिक्षण याहून वेगळे काय असते? अक्षराइतकेच अक्षरामधल्या मोकळ्या जागेला तो जपतो. पोथीच्या पानाची कडा सजवताना ठिपक्याला ठिपका लावून वेल उभी करणारा हात पुढे झाडाची पाने रंगाच्या ठिपक्यांनी उभी करतो, यात नवल नाही. अबालाल यांचा दृक्प्रत्यय पॅरिसहून आला नाही. आमच्या मते त्याची एक वाट घरातल्या त्या दौतीकडे जाते.

त्यांच्यापूर्वी आमच्या डोंगरांची चित्रे झाली नव्हती काय? झाली होती, पण साहेबांनी केलेली. कंपनी सरकारच्या लष्करातले रॉबर्ट ग्रिंडले यांनी १८२६ ते १८३० या काळात पश्चिम हिंदुस्थानातील देखाव्यांचा एक मोठा चित्रसंग्रह लंडनला छापून प्रसिद्ध केला. त्यात बोरघाटाचाही देखावा आहे. ही चित्रे देखणी आहेत. पण तो प्रवाशाचा डोळा. घाट अवघड दिसला पाहिजे, किल्ला उंच दिसला पाहिजे, कोपऱ्यात पागोटेवाले दोन एतद्देशीय उभे पाहिजेत, म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्याला आपण किती दूर जाऊन आलो ते समजेल. अबालाल यांना पन्हाळा कोणाला दाखवायचा नव्हता. तो त्यांच्या रोजच्या क्षितिजावरचा होता. सातारकराला यवतेश्वराचे जसे कौतुक नाही तसे त्यांना पन्हाळ्याचे नव्हते, आणि तरीही ते तो न कंटाळता पाहत राहिले.

राजाश्रय त्यांना लाभला. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांनी अबालाल यांना दरबारी चित्रकार नेमले. महाराजांना शिकारीची आवड, म्हणून अबालाल यांना बरोबर रानात नेले जाई आणि त्यांनी शिकारीचे प्रसंग रंगवले. दरबारी चित्रकार म्हटला की झगा, पागोटे, वाड्यात खोली असे आपल्या डोळ्यांपुढे येते; अबालाल मात्र तळ्याकाठीच राहिले. महाराजांनी त्यांना तसे राहू दिले, हे आम्ही त्यांच्या गुणग्राहकतेतले विशेष मानतो. दरम्यान तळ्याचे रूपही पालटत होते. कोटितीर्थाच्या परिसरात महाराजांनी १९०६ साली कापडाची गिरणी उभारण्यास आरंभ केला. तीच शाहू मिल. गिरण्यांचा धूर आपल्या चित्रांत घेणारे पिसारो यांच्यासारखे चित्रकार युरोपात होऊन गेले. अबालाल यांचे मन मात्र पाणी, झाडे आणि पलीकडचा उजेड यांतच रमले.

महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत निवर्तले. त्यानंतरची जी गोष्ट कोल्हापुरात अजूनही सांगितली जाते ती ऐकून मन सुन्न होते. आपली चित्रे ज्याला कळत होती तोच गेला, आता ही कोणासाठी ठेवायची, असे म्हणून अबालाल यांनी आपल्या चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कोटितीर्थात बुडवले. सांगणाऱ्यांचे आकडे काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातात. आकड्याचा आग्रह आम्ही धरत नाही. चाळीस वर्षे रोज एखाददोन कागद रंगवणाऱ्या माणसाच्या नावावर आज दिसतात ती चित्रे मोजकी आहेत, यावरून फार काही नाहीसे झाले एवढे उघड आहे.

ही गोष्ट सांगताना लोक ‘वेड’ किंवा ‘निराशा’ असे शब्द वापरतात. आम्हांला येथे आणखी एक गोष्ट आठवते. तर्क म्हणूनच ती मांडतो. कुराणाची जीर्ण झालेली पाने मुसलमान बांधव केरात टाकत नाहीत. ती आदराने जमिनीत पुरतात किंवा पाण्यात सोडतात. जे पवित्र ते पायदळी येऊ नये, अशी त्यामागे भावना. आपल्याकडेही झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या वर्षभर घरी जपून मग राखेच्या बुधवारसाठी जाळतात, त्या फेकत नाहीत. पोथ्या लिहिणाऱ्याच्या घरात वाढलेल्या वृद्धाने आपली पाने त्याच तळ्याच्या स्वाधीन केली असतील, ज्या तळ्यावरून ती लिहिली होती, तर त्याला वेड म्हणावे की अदब म्हणावी? अबालाल १९३१ साली वारले.

येथून आम्ही थोडे आमच्या जिल्ह्याकडे वळतो. कोटितीर्थ आणि सातारा जिल्ह्यातील औंध यांत अंतर फार नाही, पण चित्रांचे नशीब पाहता ती दोन टोके आहेत. औंधचे संस्थान ७२ गावांचे. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले हे कमी जणांना ठाऊक असते. त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभे केले. राजा रविवर्मा, मुंबईच्या शाळेचे चित्रकार, पहाडी शैलीतली जुनी चित्रे, युरोपीय चित्रांच्या प्रती, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे एक लहानसे शिल्प, असा ऐवज आपल्या खटाव तालुक्यातल्या एका माळरानावरच्या डोंगरावर आहे. रहिमतपूर स्टेशनावर उतरून जाणाऱ्या शेतकऱ्याला हे पाहता यावे अशी एका लहानशा राजाची इच्छा होती, आणि ती त्याने दगडचुन्यात उतरवली.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे वेदांचे भाष्यकार १९१८ पासून तीस वर्षे औंधला राहिले. तेही मूळचे जे. जे. चे पदकविजेते चित्रकार. त्यांनी कुंचला बाजूला ठेवून वेद हाती घेतले. मुलगा माधव याने मात्र तो कुंचला उचलला. १९१५ साली जन्मलेले, औंधच्या माळावर वाढलेले माधव सातवळेकर जे. जे. मधून पुढे फ्लॉरेन्स, लंडन आणि पॅरिस येथे शिकले. म्हणजे मोने-सेझान यांच्या पॅरिसपर्यंत आमच्या साताऱ्यातून खरोखरीच एक वाट गेली होती. परत आल्यावर त्यांनी मुंबईत कलाशिक्षणाची संस्था काढली, महाराष्ट्राचे कला संचालक झाले, आणि २००६ साली त्यांचे निधन झाले. अबालाल यांना जी पदवी लोक देतात तिचे प्रत्यक्ष शिक्षण घेतलेला माणूस औंधचा निघावा, आणि तरी आमच्या डोंगरांच्या उजेडाचे नाव निघताच आठवण यावी ती पॅरिस न पाहिलेल्या अबालाल यांची!

आणखी एका चित्रकाराचा उल्लेख आमच्या वाचकांना आवडेल. आंतोनियो झेवियर त्रिंदाद हे गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले कॅथलिक चित्रकार, तेही जे. जे. चे विद्यार्थी आणि पुढे तेथील शिक्षक. व्यक्तिचित्रांसाठी त्यांचे नाव झाले, निसर्गचित्रेही त्यांनी केली. १९३५ साली ते वारले. त्यांची कन्या आंजेला हीही नामांकित चित्रकर्ती. कुटुंबाने त्यांची चित्रे जपली म्हणून ती आज पणजीला फुंदासाव ओरिएंत या संस्थेत पाहावयास मिळतात. त्रिंदादांना लेकी होत्या, औंधच्या चित्रांना राजा होता. अबालाल यांच्यामागे यांपैकी कोणी नव्हते.

मात्र शिष्य म्हणावेत असे बरेच होते, जरी त्यांनी शाळा काढली नाही. कोल्हापूरची चित्रपरंपरा म्हणून जी सांगितली जाते, आनंदराव व बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, गणपतराव वडणगेकर, रवींद्र मेस्त्री, तिच्या मुळाशी अबालाल यांचे नाव घेतले जाते. बाबूराव पेंटर यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा बोलपट येण्यापूर्वीचा मूकपट काढला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’. मराठी चित्रपटात खेड्यातले ऊन आणि सावली जी दिसू लागली तिचा एक धागा कोटितीर्थाकडे जात असेल, असे म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. माधवराव बागल यांनी, जे स्वतः चित्रकार व समाजसुधारक होते, अबालाल यांच्याविषयी आस्थेने लिहिले. या मंडळींनी आठवण धरली नसती तर आज हा लेखही लिहिता आला नसता.

वाचलेली चित्रे पाहायची असतील तर कोल्हापुरातल्या टाउन हॉल संग्रहालयात जावे. काळ्या दगडाची, उंच निमुळत्या छपरांची ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. शिल्पे आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू पाहून झाल्या की कोल्हापूरच्या चित्रकारांच्या दालनात अबालाल भेटतात. दालनात घाई करू नये. ही चित्रे लहान आहेत आणि मोठ्याने बोलत नाहीत. आधी जवळून पाहावे म्हणजे नुसते ठिपके दिसतील, मग चार पावले मागे सरावे. सांगलीहून सकाळच्या गाडीने निघाले तर संग्रहालय पाहून दुपारी पन्हाळ्याची एस. टी. पकडता येते. पन्हाळ्यावर चारनंतर पोहोचावे. तोपर्यंत दुपारचा धुरकट पांढरेपणा ओसरू लागतो आणि समोर जोतिबाच्या डोंगराची आडवी रेघ रंग धरू लागते.